एक ते साडेचारचे रकाने

मला हॉस्पिटलात सगळे रकानेबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं पुढे आणून पोचवायला आमच्याकडे माणसांची कधी वानवा नव्हती. मी रेकॉर्ड रूममध्ये बसते. तळमजल्याच्याही खाली, जिथे गळका पाइप आणि जुन्या फायली या दोनच गोष्टी कायमच्या आहेत. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर माझ्याकडे येतो. मी तो तपासते. त्यात काय लिहिलंय ते नाही, काय लिहायचं राहिलंय ते. रिकामा रकाना दिसला की चिठ्ठी लिहायची, 'पान अमुक, रकाना तमुक रिकामा, पूर्ण करून पाठवावे', डाव्या कोपऱ्यात टाचणी मारायची आणि फाईल वॉर्डात परत. भरून आली की चिठ्ठी काढून फाईल कपाटात. सव्वीस वर्षं हेच केलं. एकही अर्धवट फाईल माझ्या कपाटात गेली नाही, याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तो रकाना वॉर्डात कसा भरतात हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, माहीत होतं. चिठ्ठी आली की सिस्टर लोक चहा घेता घेता बसून भरायचे. आठवून, अंदाजाने, वरच्या आकड्यात दोन कमी-जास्त करून. कागद पूर्ण झाल्याशी मतलब. मी मागायचे, ते द्यायचे, आणि तपासणीला आलेले साहेब माझं कपाट बघून मान डोलवायचे. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. पण दळणारी मी होते आणि मला दिसत होतं.

अजून एक माझी पद्धत सांगून ठेवते. मी नाव वाचत नाही. कव्हर मागे दुमडायचं, आतलं पान उघडायचं, नंबर टिपायचा, रकान्यांवरून बोट फिरवायचं. नोकरीला लागले त्या वर्षी नावं वाचायचे. नाव वाचलं की वय वाचावंसं वाटतं, वय वाचलं की काय झालं ते, आणि मग डोळे पुसत दिवसाला दहा फायलीसुद्धा होत नाहीत. तेव्हापासून नाव बंद.

आता तिच्याबद्दल. बाळंतपणाच्या वॉर्डाच्या प्रमुख. सगळं हॉस्पिटल तिला मोठ्या सिस्टर म्हणतं, मी 'अगं' म्हणते. एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. माझा नवरा गेला तेव्हा ती आठ दिवस माझ्या घरी झोपायला होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला न्हाऊ घातलं. माझी लेक तिला मावशी म्हणते. म्हणायची.

लेकीचं हे पहिलंच बाळंतपण. जावई म्हणत होते की दुसरीकडे नाव घालू, चांगलं नाव ऐकलंय. मीच आडवी आले. म्हटलं, अहो, आपलं हॉस्पिटल, आपली माणसं, वर मोठ्या सिस्टर बसल्यात, परक्या दारात कशाला जायचं? जावई गरीब स्वभावाचे, गप्प बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यांनी आजपर्यंत मला त्यावरून एक शब्द ऐकवलेला नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

सकाळी अकराला लेकीला भरती केलं. जावई कामावरून निघणार होते, पोचायला संध्याकाळ होणार होती. आत नातेवाइकांना सोडत नाहीत, पण मी आतली, मला कोण अडवणार? साडेबारापर्यंत मी तिच्या उशाशी होते. मोठ्या सिस्टर स्वतः आल्या, बाळाचे ठोके ऐकले, मलाही ऐकवले. घोडा दौडावा तसे पळत होते. लेक हसली. मग मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या,

"जा आता तू तुझ्या फायलींकडे. इथे उभी राहून पोरीला घाबरवू नकोस."

"बघशील ना?"

"मी आहे ना. माझी नाही का ती?"

मी गेले. कामही होतं. सोमवारी तपासणी होती, आणि लेकीला भरती करायच्या आदल्या दिवशीच मी बाळंतपणाच्या वॉर्डाला साठ फायली परत पाठवल्या होत्या, साठ चिठ्ठ्या लावून, 'उद्या पाचपर्यंत' असा शेरा मारून. दोनला मी वर फोन केला. तिनेच उचलला. "छान आहे पोरगी. कळा येताहेत. पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच." साडेतीनला पुन्हा केला. "अगं, आत्ताच बघून आले. तू चहा घे." मी चहा घेतला.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला तो दुसऱ्या कोणाचा. मी जिना चढून वर गेले तेव्हा लेकीला ऑपरेशनला नेलं होतं. मुलगी झाली. पावणेतीन किलोची, डोक्यावर भरपूर केस, नखं वाढलेली. ती रडली नाही. तिला कोणी रडवूही शकलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अचानक झालं, अशा गोष्टी होतात. मोठ्या सिस्टर माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिचं सांत्वन केलं, हे लक्षात ठेवा.

लेक चौथ्या दिवशी माझ्या घरी आली. तिला दूध आलं होतं. घट्ट पट्टा बांधायचा, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, आणि ज्याच्यासाठी आलं ते नाही. मी घड्या बदलत होते तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"आई, मी हाका मारत होते."

"कोणाला?"

"मावशीला. सगळ्यांना. तू गेल्यावर कोणी आलंच नाही. पडद्याच्या पलीकडे त्या बसल्या होत्या, कागदांचा आवाज येत होता. मी म्हटलं, बाळ हलत नाहीये. कोणीतरी म्हणालं, येतोय, येतोय. पाचला डॉक्टर आले तेव्हा पडदा उघडला."

मी म्हटलं, झोप आता. दहाव्या दिवशी मी कामावर हजर झाले. घरात बसून भिंती खायला उठत होत्या, आणि लेकीला जावई सोबत होते. टेबलावर फायलींचा डोंगर. मी खाली मान घालून कामाला लागले. हात चालत होते, डोकं घरी होतं. त्या दिवशी तेवीस फायलींना चिठ्ठ्या लावल्या.

तक्रार करायची हे लेकीनेच ठरवलं. रेघांच्या कागदावर अडीच पानं, स्वतःच्या अक्षरात. मी म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ, जरा विचार कर. ती म्हणाली, "मला कोणाची नोकरी घालवायची नाही. मला भरपाईही नको. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, पेशंटने सहकार्य केले नाही. मी केलं होतं, आई. मी सगळं केलं होतं. मला फक्त कोणीतरी लिहून द्यावं की मला बघायला कोणी आलं नाही. नाहीतर आयुष्यभर मला वाटत राहील की मीच मारलं तिला."

तिला एवढंच हवं होतं. एक खरं वाक्य, सहीशिक्क्यासकट.

हॉस्पिटलच्या तक्रार समितीने तिला बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर, कारण मी कर्मचारी. दरवाजा अर्धा उघडा होता. अध्यक्ष फार गोड बोलले. "बाळा, तुझं दुःख आम्ही समजू शकतो." मग चष्मा लावून फाईल उघडली. दर अर्ध्या तासाने ठोके तपासल्याची नोंद आहे, प्रत्येक नोंदीपुढे सही आहे, ठोके शेवटपर्यंत व्यवस्थित होते. तक्रारीत तथ्य आढळत नाही. पंधरा मिनिटांत आटोपलं. बाहेर येताना लेकीने भिंतीला हात धरला होता.

जावयांनी एक वकीलबाई शोधल्या. बारीक चणीच्या, बोलायला फटकळ, मला आवडल्या. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. इथेच फेरविचाराचा अर्ज करता येतो, तीस दिवसांत. डॉक्टर आणि नर्सेस यांच्या नोंदणीच्या वेगवेगळ्या परिषदा आहेत, तिथे तक्रार करता येते, त्या चौकशी करून परवाना थांबवू शकतात. ग्राहक कोर्ट आहे. निष्काळजीपणाचा गुन्हाही नोंदवता येतो, पण तो रस्ता लांबचा. "दारं पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक दारावर पहिला कागद एकच मागतात. केसपेपर. आणि तुमचा केसपेपर म्हणतो की सगळं झकास होतं. कागद खोटा आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, कधी लिहिला गेला ते दाखवावं लागतं."

केसपेपरची प्रत मिळवायचा अर्ज लेकीने केला. तो रीतसर माझ्याच टेबलावर आला. मी फाईल काढली, झेरॉक्स मारली, 'खरी प्रत' असा शिक्का मारला, घरी नेली. लेकीने पान तीन उघडलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. एक वाजता एकशे चाळीस. दीडला एकशे अडतीस. दोनला एकशे बेचाळीस. आठ रकाने, आठ आकडे, आठ सह्या. मोठ्या सिस्टरची गोल, नेटकी सही. मला ती अंधारातही ओळखता येईल.

इथे मी जे बोलले ते मला सांगायलाच हवं, नाहीतर बाकी सगळं सांगून उपयोग नाही. मी म्हटलं,

"कळांमध्ये माणसाला वेळेचं भान राहत नाही गं. कदाचित ती येऊन गेली असेल. तुला कळलं नसेल."

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"समोर घड्याळ होतं, आई," ती म्हणाली. "मी दुसरं काही बघतच नव्हते."

मग ती कागद घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. त्या दिवशी ती जेवली नाही. सव्वीस वर्षं मी भरलेल्या रकान्यावर विश्वास ठेवत आले होते, तो भरतात कसा हे माहीत असून. पोटच्या पोरीच्या शब्दापेक्षा मला आठ आकडे खरे वाटले. लाज वाटते म्हणून सांगायचं सोडलं तर माझ्यात आणि त्या अध्यक्षांत फरक काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ फाईल कपाटात ठेवायला घेतली. बोट डाव्या कोपऱ्यावरून फिरलं आणि थांबलं. दोन बारीक भोकं, तिरकी, एकाखाली एक. टाचणीची. टाचणी अशी तिरकी मीच मारते, सरळ मारली तर पान फाटतं म्हणून.

म्हणजे ही फाईल एकदा परत गेली होती. म्हणजे हिच्यात काहीतरी रिकामं होतं.

माझ्या चिठ्ठ्यांचं बुक कार्बनवालं आहे. वरची चिठ्ठी वॉर्डात जाते, फाईल भरून आली की कचऱ्याच्या टोपलीत. खालची प्रत माझ्याकडे राहते. ऑफिसने दहा वेळा सांगितलं की हे जुनाट काम बंद करा, कोणी विचारत नाही त्या प्रती. मी ऐकलं नाही. तेव्हा मला वाटायचं हा माझा काटेकोरपणा. मी बुक काढलं आणि मी कामावर हजर झाले त्या दहाव्या दिवसाची पानं उलटू लागले. चौदावी चिठ्ठी. निळ्या कार्बनमध्ये, माझ्या अक्षरात, लेकीच्या फाईलचा नंबर. 'पान ३. दुपारी १ ते ४.३०. बाळाचे ठोके. आठ रकाने रिकामे. पूर्ण करून पाठवावे.'

मी खुर्चीत बसले. आठ रकाने रिकामे होते. माझी पोर खरं बोलत होती आणि ते कागदावर होतं, खणखणीत, कोणीही न भरलेलं. आणि मी ते पान उघडून, त्यावरून बोट फिरवून, स्वतःच्या हाताने परत पाठवलं होतं, पूर्ण करा म्हणून. कव्हर मागे दुमडून. नाव न वाचता.

मी बुक पिशवीत टाकलं आणि वर गेले. दुपारची जेवणाची वेळ होती. मोठ्या सिस्टर चादरींच्या खोलीत एकट्याच होत्या, मोजून गठ्ठे लावत. मी प्रत तिच्यासमोर धरली. तिने वाचली. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, निदान नाही म्हणेल. ती दमल्यासारखी गठ्ठ्यावर बसली.

"चिठ्ठी तूच पाठवलीस," ती म्हणाली.

"मी नाव वाचलं नव्हतं."

"मला काय माहीत? तुझं अक्षर. तिची फाईल. मी तो कागद हातात धरून दहा मिनिटं बसले होते. मला वाटलं, हिला सगळं कळलंय आणि तरी ही म्हणतेय, भरून टाक, झाकून टाक. एकोणीस वर्षांची मैत्रीण आहे, सांभाळून घेतेय. मी तेव्हा रडले गं. मला वाटलं तू मला माफ केलंस."

"आणि फोनवर? साडेतीनला? आत्ताच बघून आले म्हणालीस."

तिने शेजारच्या चादरीची घडी सारखी केली.

"गेली होतीस?"

"नाही."

"दोनला?"

"नाही. तुझ्या साठ फायली टेबलावर होत्या. पाचपर्यंत हव्या होत्या ना तुला? दोघीच होतो आम्ही, तिसरी रजेवर. म्हटलं, पहिलटकरीण आहे, तासाभराने काही होत नाही. मग अजून एक तास. पोरगी हाका मारत होती, मला वाटलं घाबरलीय. सगळ्याच मारतात." मग तिने वर पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "मी एकटी नाही यात. हे कागद बाहेर काढशील तर पहिली तू जाशील. आजवर किती चिठ्ठ्या पाठवल्यास? प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक खोटी नोंद, आणि ती करायला लावणारी तू. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुझी. आणि नोकरीचं जाऊ दे, लेकीला काय सांगशील? तिच्या हातातला एकमेव पुरावा आईनेच पुसून घेतला म्हणून? फाड ते. तिला अजून मुलं होतील. वेळ गेला की माणूस विसरतं."

"तू विसरशील?"

"मी रोज विसरते," ती म्हणाली. "त्याशिवाय या वॉर्डात पाय ठेवता येत नाही."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्या खोलीत कळलं. आणि सगळ्यात वाईट काय, तर तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं बोलायची ती वेळ निघून गेली होती, ते फोनवर बोलून झालं होतं. माझ्या अंगात एवढा संताप होता की समोरचे गठ्ठे उधळावेत, तिच्या त्या पांढऱ्याशुभ्र कॉलरला धरून लेकीच्या खाटेपाशी फरफटत न्यावं. मी काहीच केलं नाही. मी तिला फक्त विचारलं,

"माझी नाही का ती, असं म्हणाली होतीस. आठवतं?"

ती चादरी मोजायला लागली. मी निघाले.

घरापर्यंतच्या रस्त्यात मी ते पान चार वेळा फाडायला काढलं. सरळ सांगते. नोकरीसाठी नाही. नोकरी गेली खड्ड्यात. लेक ज्या नजरेने घड्याळाचं बोलली होती, ती नजर मला पुन्हा बघायची नव्हती. एक वेळ तिला न्याय नाही मिळाला तरी चालेल पण तिला आई राहू दे, असं माझं मन मला समजावत होतं. कोपऱ्यावर आल्यावर मला कळलं की हे तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी चाललंय. माझीही एक चादरींची खोली होती आणि मी तिच्यात शिरत होते.

लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात फेरविचाराचा अर्ज. मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. मी बुक पिशवीतून काढलं, ते पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. उभीच राहिले. बसायची हिंमत झाली नाही.

तिने वाचलं. मग तारीख वाचली. मग बोट नंबरावर ठेवून समोरच्या प्रतीतला नंबर ताडून पाहिला, एकेक आकडा. पोरगी माझीच.

"रिकामे होते," ती म्हणाली. "आई, रिकामे होते. मी खरं बोलत होते."

"हो."

ती रडायला लागली. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा, मोकळ्या गळ्याने. मी हात पुढे केला. तेवढ्यात तिची नजर परत चिठ्ठीवर गेली आणि थांबली. तिच्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर नाव मी घातलं होतं. अक्षर कोणाचं ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"हे तू लिहिलंयस."

"हो."

"तू परत पाठवलीस. भरायला."

"नाव वाचलं नव्हतं मी. मी वाचत नाही. कव्हर मागे..."

"माझं नाव, आई," ती म्हणाली. "त्याच्यावर माझं नाव होतं."

मी तिला सगळं सांगितलं. साठ फायली, पाचची मुदत, पडद्यापलीकडच्या कागदांचा आवाज कशाचा होता ते. फोन, चहा, चादरींची खोली, काही ठेवलं नाही. संपल्यावर तिने डोळे पुसले, पेन उचललं आणि अर्ज जवळ ओढला. अर्जात वरच एक चौकट असते, 'तक्रार कोणाविरुद्ध'. तीन ओळी. पहिलीत तिने डॉक्टरांचं नाव घातलं होतं, दुसरीत मोठ्या सिस्टरचं. तिसरीवर पेन टेकवून ती थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला कळलं. जन्म दिलाय, कळणारच.

"लिही," मी म्हटलं. "रिकामी ठेवू नकोस."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"तुला साक्षही द्यावी लागेल. चिठ्ठी कधी लिहिलीस, का लिहिलीस. सगळ्यांसमोर."

"देईन."

तरी ती लिहीना. मला वाटलं ती पेन खाली ठेवेल. आत कुठेतरी मला तेच हवं होतं, हेही सांगून टाकते. तिने म्हणावं, राहू दे, तू माझी आई आहेस. तिने तसं म्हटलं नाही. तिने लिहायला सुरुवात केली. पदाचं नाव लिहील असं वाटलं होतं, रेकॉर्ड क्लार्क म्हणून. तिने माझं नाव लिहिलं. आधी माझं, मग माझ्या नवऱ्याचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मग आडनाव. सावकाश, एकेक अक्षर, शाळेच्या वहीवर घालावं तसं. मग अर्ज फिरवून माझ्यापुढे सरकवला.

"वाच," ती म्हणाली. "बरोबर आहे का बघ."

मी वाचलं. बरोबर होतं.